कुठल्या गावची माती?

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला केला नाही असा मराठी माणूस विरळाच. चार दगड रचायचे, त्यांवर जुने पोते टाकायचे, चिखल थापायचा, हळीव पेरायचे आणि ते उगवले की झाले जंगल! त्या किल्ल्याची माती कोणत्या रंगाची असावी याचा विचार आम्ही मुलांनी कधी केला नाही. घरामागे जी असेल ती माती. रायगडही तिचाच आणि सिंधुदुर्गही तिचाच. गंमत अशी की तो किल्ला आम्हांला कधी खोटा वाटला नाही.

चाळिशी उलटल्यावर मात्र याच मातीने माझी दोन वर्षे झोप उडवली. त्याची ही हकीकत आहे.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. मुलाला दाखवायला म्हणून मी तेथे गेलो. मुलाचे पाच मिनिटांत समाधान झाले, माझे आजतागायत झालेले नाही. घरी आल्यावर मी ठरवले की आपणही एक गाडी करायची, पण ती आपली, नेरळ-माथेरानची. नेरळ हे माझे आजोळ. तेथे मामांचे किराणा मालाचे दुकान होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या दुकानाच्या फळीवर बसून ती डुगडुगणारी गाडी पाहण्यात माझे बालपण गेले. मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. “आता काही वर जाणं व्हायचं नाही रे,” असे ते गेल्या खेपेस म्हणाले, तेव्हा माझ्या मनात आले की वरचा रस्ताच त्यांच्यापुढे आणून ठेवावा.

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या जिद्दीने १९०७ साली सुरू झालेली ही गाडी वीसएक किलोमीटर अंतर वळसे घेत घेत चढते. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. मी प्रमाण धरले एकास शहात्तर. या मापात दोन फुटांचे आठ मिलिमीटर होतात. बाजारात मिळतो तो रूळ नऊ मिलिमीटरचा. एवढी लबाडी या छंदात क्षम्य मानतात. साडेपाच फुटांचा माणूस बोटाच्या पेराएवढा, म्हणजे बावीस मिलिमीटरचा होतो. पण याच मापाने संपूर्ण मार्ग करायचा तर अडीचशे मीटरहून लांब खोली हवी. माझ्याजवळ होती सहा फूट बाय तीन फुटांची फळी आणि तीही आमच्या हिच्या शिवणयंत्राची जागा बळकावून मिळवलेली. तेव्हा खाली जुम्मापट्टीजवळचा एक तुकडा आणि वर अमन लॉजचे एक वळण एवढेच घ्यायचे ठरले. डोंगर थर्मोकोलचा आणि त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा गिलावा. इथवर सगळे सुरळीत झाले.

मग मातीची वेळ आली.

प्रथम मी रंगाच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, “मातीचा रंग द्या.” दुकानदार मिस्किल होता. त्याने विचारले, “कुठल्या गावची माती, सर?” मी निरुत्तर होऊन एक तपकिरी बाटली घेऊन आलो. हा तपकिरी शब्द आपल्याला तपकिरीवरून मिळालेला आहे, आणि ते फळीवर ताबडतोब सिद्ध झाले. डोंगरावर कोणी डबी उपडी केली असावी तसे ते दिसू लागले. वास्तविक मराठी माणसाला असे फसण्याचे कारण नव्हते. आपल्या भाषेला माती म्हणजे एक वस्तू कधी वाटलीच नाही. काळी निराळी, तांबडी निराळी, पोयटा निराळा, बरड निराळी. मुरूम, चोपण, शाडू, गाळ, जांभा हे सगळे आपापले गुण घेऊन उभे. गावाची वस्ती ती पांढरी आणि शेत ती काळी, असे आपले जुने कागदपत्र बोलतात. वीस वर्षे मी वर्गात शब्दसंपत्तीवर व्याख्याने देतो आहे, आणि दुकानात जाऊन मागितला काय, तर ‘मातीचा रंग’!

तेव्हा रंग नकोच, खरी मातीच आणू, असे मी ठरवले. माथेरानची माती उकरून आणणे हा विचार मात्र मी मनात आणला नाही. २००३ पासून तो डोंगर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील प्रदेश म्हणून राखलेला आहे, आणि तसा नसता तरी पावसाने जी आधीच वाहून जाते तिच्यावर आपण आणखी हात का मारावा? बरे, तशी गरजही नव्हती. माथेरानच्या माथ्यावर आहे ती जांभ्याची माती, आणि जांभ्याची माती कोकणापासून पुण्याच्या नर्सरीतील पोत्यांपर्यंत सर्वत्र मिळते. ताडून पाहायला माझ्या बुटांच्या शिवणीत अडकलेली माथेरानची चिमूटभर धूळ पुरेशी होती.

खडा मोठा दिसू नये म्हणून ती माती कुटली, मलमलीतून चाळली, फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून फळीवर फासला आणि वर माती भुरभुरवली. रात्रभर वाळू दिली. सकाळी आमची ही चहा घेऊन आली, क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, “हे माथेरान आहे होय? मला वाटलं मिसळणाचा डबा सांडला.”

ती खोटे बोलत नव्हती. माती खरी होती, अगदी बुटाच्या धुळीशी जुळवून घेतलेली होती, आणि तरी ती साफ खोटी दिसत होती. तिखटाची पूड आणि काळा मसाला यांच्या मधला असा तो एक गडद, जड, अंगावर येणारा लाल रंग होता.

असे का व्हावे, याचा शोध घेता घेता मला ज्या गोष्टी कळल्या त्या मोठ्या मौजेच्या आहेत. पहिली गोष्ट उजेडाची. भर दुपारच्या उन्हात जेवढा प्रकाश जमिनीवर पडतो त्याच्या शेकडाव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश आपल्या खोलीत असतो. उन्हात फिकी, धुवट दिसणारी माती खोलीत आणली की काळवंडते. दुसरी गोष्ट अंतराची. डोंगर आपण दुरून पाहतो आणि मधल्या हवेमुळे त्याचा रंग फिका व किंचित निळसर होऊन डोळ्यांपर्यंत पोचतो. फळीवरचा डोंगर मात्र हातभर अंतरावर असतो, तेथे ही हवा कोठून आणणार? ती रंगातच मिसळावी लागते. तिसरी गोष्ट सर्वांत साधी, आणि तीच माझ्या लक्षात आली नव्हती. ओली माती सुक्या मातीपेक्षा गडद दिसते, कारण कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरले की प्रकाश पूर्वीसारखा विखरून परत येत नाही. डिंकही तेच करतो. पाणी वाळून तरी जाते, डिंक वाळूनही जागा सोडत नाही. म्हणजे चिकटवलेली माती ही जन्मभर अर्धवट भिजलेली माती!

मातीचे शास्त्र जाणणारी माणसे याबाबत आपल्याहून पुष्कळ सावध असतात. बोस्टनचे चित्रकला-शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंग मोजण्याची एक पद्धत पुस्तकरूपाने मांडली. रंगाची जात, त्याचा उजळपणा आणि त्याचा भडकपणा ही तीन मापे तिच्यात वेगवेगळी घेतात. आज जगभरचे मृदा-सर्वेक्षक याच पद्धतीच्या रंगपट्ट्या मातीशेजारी धरून तिचा रंग लिहितात. आपल्या देशातील मृदा-सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपूरला आहे, तिच्या कामातही हीच पद्धत चालते. सुक्या मातीचा रंग वेगळा लिहायचा आणि ओल्या मातीचा वेगळा, अशी या लोकांची रीत आहे. एवढे जरी मला आधी ठाऊक असते तरी एक शेर माती आणि घरातली बरीच शांतता वाचली असती.

अमेरिकेत हा छंद जुना. तेथील ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक १९३४ पासून चालू आहे. त्याचे एक संपादक लिन वेस्टकॉट यांनी तर खऱ्या मातीची अडचण टाळण्याची युक्तीच प्रसृत केली. सुक्या प्लॅस्टरमध्ये रंगाची पूड मिसळायची, ओल्या डोंगरावर ती भुरभुरवायची आणि वरून पाण्याचा फवारा मारायचा. प्लॅस्टर पांढरे असल्यामुळे रंग आपोआप फिकट होतो. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील जॉन ॲलन या छायाचित्रकाराने अख्खे तळघर भरून जो मुलूख उभा केला, त्यात चकचकीत असे काहीच नव्हते. इंजिने काजळलेली, डबे धुळकटलेले. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला आणि पुढच्या काही दिवसांतच आग लागून ते सारे जळाले. त्याची जुनी छायाचित्रे पाहताना माझ्या लक्षात आले की हा गृहस्थ रंग देत नव्हता, तो ऊन, पाऊस आणि वापर देत होता.

पण वेस्टकॉटचे प्लॅस्टर आमच्या घरी आधीच नकोसे झाले होते. मी दुसरा उपाय शोधला आणि तो निघाला देव्हाऱ्यापुढच्या डब्यात. रांगोळी! तीन वाट्या मातीत एक वाटी पांढरी रांगोळी घातली आणि तो भडक लाल एकदम माणसाळला. पुढे चिमटीचिमटीने प्रमाण बदलत मी अकरा पुठ्ठे केले, त्यांवर माती चिकटवली, वाळवली, आणि जेथे फळी ठेवायची त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली रोज पाहत बसलो. हे फार महत्त्वाचे. पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली जुळवलेली तांबडी माती पिवळसर दिव्याखाली पुन्हा मसाल्याकडे झुकते. मोबाइलच्या छायाचित्रावर तर मुळीच विसंबू नये. त्या यंत्राला लाल रंग अंमळ जास्तच आवडतो.

मग एका नोव्हेंबरात मी मुद्दाम माथेरानला गेलो. खिशात एक करड्या रंगाचा पुठ्ठा आणि त्याला मधोमध पैशाएवढे भोक. चित्रकार मंडळींची ही जुनी युक्ती. भोकातून पाहिले म्हणजे भोवतालची झाडे, आकाश, दगड नाहीसे होतात आणि उरतो तो निव्वळ रंग. लोक मला वेडा समजून बाजूने जात होते, आणि मी थक्क होऊन पाहत होतो. ज्या वाटेला आपण जन्मभर लालभडक म्हणत आलो, ती उन्हात होती भाजलेल्या भाकरीसारखी, किंचित गुलाबी झाक असलेली बदामी. सावलीत तीच जांभळट. लाल होती ती फक्त पाण्याच्या पिंपाशेजारी, जेथे कोणीतरी पाणी सांडले होते! हिरव्या झाडीशेजारी असल्यामुळे आपला डोळा तिला लाल करून घेतो. फळीवर आपण झाडे लावू तेव्हाही तो तसेच करील, आपण आधीच लाल देऊन ठेवायचे कारण नाही.

परत येताना मी रुळांच्या कडेने खाली चालत आलो, आणि त्या चार तासांत जे पाहिले ते कुठल्या पुस्तकात मिळाले नसते. हा डोंगर काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला त्याचे थर. त्याच्या माथ्यावर उन्हापावसाने कुजून, त्यातील वाळूचा अंश धुऊन जाऊन, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, तो जांभा. ओला असताना कुऱ्हाडीने कापावा आणि हवेवर ठेवला की घट्ट व्हावा, असा हा दगड मलबारात पाहून फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून नाव दिले. म्हणजे नेरळहून निघालेली गाडी करड्या-काळ्या मुलखातून तांबड्या मुलखात चढते. माझ्या फळीवरही तसे केलेले होते, पण मध्ये मी शाळेतील नकाशासारखी सरळ रेघ मारली होती. खाली काळे, वर तांबडे.

डोंगर असे वागत नाही. तांबडी माती पावसाबरोबर खाली उतरते. काळ्या कड्यांवर तिचे ओघळ दिसतात, घळीच्या तोंडाशी तिचा पंखा पसरतो, रुळांलगतच्या नालीत ती साचते. काळी मात्र कधी वर चढत नाही. एवढे ध्यानात धरून मी घरी येऊन ती रेघ पुसली आणि एका बारीक कुंचल्याने तांबडीचे ओघळ खाली सोडले. अर्ध्या तासाच्या कामाने थर्मोकोलला एकाएकी उतार आला, वजन आले.

नेरळच्या बाजूच्या करड्या मातीने दोन अपघात घडवले, तेही सांगून टाकतो. मातीत किड्यांची अंडी असतात म्हणून ती भाजून घ्यावी, असा सल्ला मी वाचला होता. मुरमाची पिवळी चाळ तव्यावर घातली आणि परीक्षेचे पेपर तपासत बसलो. तासाभराने पाहतो तो कडेची माती विटकरी झालेली! पिवळ्या मातीतील लोहाच्या संयुगात पाणी बांधलेले असते. जास्त तापवले की ते निघून जाते आणि पिवळ्याचा तांबडा होतो. गेरू आणि पिवळी माती या सख्ख्या बहिणी आहेत हे मला तव्यावर कळले. (तवा नवा आणावा लागला, हे ओघाने आलेच.) दुसरा अपघात इंजिनाचा. काळ्या पाषाणाच्या वाळूत लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. माझ्या इंजिनाच्या मोटारीतही चुंबक. दोघांनी एकमेकांना ओळखले आणि गाडी कुरकुर करीत थांबली. आता मी चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून पाच-सहा वेळा फिरवतो. पिशवी उलटी केली की काळी मिशी झडावी तसे ते कण गळून पडतात.

गेल्या आषाढात मामा पुण्याला आले ते उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी. फळी त्यांना दाखवायचा माझा बेत आधी नव्हता, कारण ती पुरी व्हायची होती. पण आदल्या संध्याकाळी ते स्वतःच खुर्ची ओढून तिच्यापुढे बसले. मी वर हिरवेगार रान केले होते, मातीला मुद्दाम जागोजाग ओलावा दाखवला होता, खाली जुम्मापट्टीला इंजिन उभे होते. मामांनी बराच वेळ पाहिले.

“महिना कोणता रे हा?”

“श्रावण, मामा.”

“मग गाडी कशी चालतेय? आमच्या वेळी पावसाळ्यात गाडी बंद असायची. दरडी यायच्या ना.”

मी कपाळावर हात मारला. आजही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, हे मला ठाऊक नव्हते थोडेच? रंगाच्या नादात मी महिना विसरलो होतो. मातीचा रंग ठरवायचा म्हणजे आधी महिना ठरवायचा. श्रावणातली ओली तांबडी, आश्विन-कार्तिकातली वरून सुकलेली पण कडेला अजून दमट, आणि वैशाखातली पांढुरकी, पानापानावर बसलेली, या तीन वेगवेगळ्या माती आहेत.

“आणि दोन रुळांच्या मध्ये तू तांबडी घातलीस,” मामा पुढे म्हणाले, “तिथं कुठली तांबडी? तिथं काळं असायचं. इंजिनाची राख, तेल. अनवाणी गेलो की आई पायांकडं बघून ओळखायची, हा रुळावरनं आलाय की रस्त्यानं.”

वाफेची इंजिने त्या मार्गावरून १९८० च्या सुमारास गेली. मी पाहिलेली गाडी डिझेलची, मामांच्या लहानपणची कोळशाची. मी त्यांच्या आठवणीतली गाडी उभी केली होती, पण जमीन माझ्या आठवणीतली घातली होती. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात असताना मी रुळांमधली माती खरवडून काढली आणि चुलीची राख, काजळी व थोडी करडी माती यांचे मिश्रण तेथे भरले. श्रावण काढून दिवाळीचा सुमार केला. गवताची टोके पिवळी केली, वाटांच्या मधोमध माती सुकवली आणि कडेला एक हाताची ओल ठेवली.

आठ दिवसांनी पट्टी निघाली. मामा खुर्चीत बसले. त्यांनी उजवा डोळा झाकला, डावा उघडा ठेवला, आणि म्हणाले, “बरोबर आहे.” मग डावा झाकून उजव्याने पाहिले. चेहरा बदलला. “अरे, ही तर गुलाबी झाली!” पुन्हा हा डोळा, पुन्हा तो डोळा. पोरासारखा खेळ चालला होता.

डॉक्टरांना विचारले तेव्हा उलगडा झाला. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग वर्षानुवर्षे पिवळट-तपकिरी होत जाणे. त्यातून सगळे जग मातकट दिसते आणि माणसाला ते कळतही नाही. भिंग बदलले की अडलेला निळा प्रकाश एकदम आत येतो. फ्रेंच चित्रकार मोने याच्या एका डोळ्यावर १९२३ साली अशीच शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर जग फार निळे दिसते म्हणून तो त्रासून गेला होता. मामा त्रासले नाहीत. ते मला म्हणाले, “लहानपणी मी या नव्या डोळ्यानंच बघत असणार ना? मग ही आत्ता दिसते तशी होती, का त्या डोळ्यानं दिसते तशी? मला तर दोन्ही आठवतात.”

मी अकराही पुठ्ठे त्यांच्यापुढे ठेवले. डाव्या डोळ्याने त्यांनी चौथा निवडला, उजव्याने सातवा. सातव्यात रांगोळी कमी आणि चिमूटभर हळद मी कधीतरी घातलेली आहे. गुलाबीपणा तिने मरतो.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर व्हायची आहे. मामा भाऊबीजेला आईकडे येतील ते तेवढ्यासाठी राहूनच जातील. खालचा सगळा भाग मी पुरा केला आहे, नालीतले ओघळही झाले. अमन लॉजच्या वळणावरचा हातभर तुकडा मात्र अजून उघडाच आहे. तेथे माती नुसती पसरून ठेवली आहे, डिंक लावलेला नाही, आणि पंखा लावायला घरात सर्वांना मनाई आहे.